एकोणीस वॅटची शांती

धैर्यशील कधी तोंडावर भांडत नाही. ही त्याची जुनी खोड. त्याचा बाप भांडायचा तर अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं, पण भांडण तिथंच संपायचं. हा तसला नाही. हा "हो आई" म्हणतो, मान खाली घालतो आणि मागच्या दारानं जाऊन स्वतःला हवं तेच करतो. लहानपणी दूध नको असलं की "पितो" म्हणायचा आणि मोरीत ओतायचा. आता चाळिशीला आला, केस पिकले, पण मोरी काही सुटली नाही. या खेपेला त्यानं माझा राग मोरीत ओतला.

तासगावच्या पुढं आमचं बेदाण्याचं शेड आहे. बांधलं माझ्या नवऱ्यानं, चालवलं मी. हल्ली रंग बघून दाणा वेगळा काढणारी यंत्रं सगळीकडं झालीत, आमच्याकडंही एक आहे. पण देठ चिकटलेला दाणा त्या यंत्राला अजून ओळखता येत नाही, म्हणून आमच्या तीसेक बायकांच्या चुली पेटतात. बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. धुरी झाली की दोन्ही दारं उघडायची, खोली रात्रभर मोकळी सोडायची आणि मगच बायकांनी क्रेट काढायला आत जायचं. वास मोजायला मीटर असतो, पण आमचा मीटर निम्मं वर्ष दुरुस्तीलाच पडलेला. त्यामुळं आमच्याकडं एक रीत पडली. आधी मी आत जाणार. वास असला तर मी तिथूनच शिव्या घालत बाहेर येणार. धैर्यशीलला, गंधकाला, दाराला, ज्यानं ती खोली बांधली त्या गवंड्याला. बायका अंगणात बसून ऐकायच्या. शिव्या आल्या की खुशाल पाय पसरून गप्पा मारायच्या. शिव्या नाही आल्या की पदर खोचून उठायच्या. आत काय होतं, हे मला कधी कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

आता फुंकणीचं सांगते.

मी मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि दिवसातून चार-पाच वेळा दातांना घासायची. आमच्याकडच्या सगळ्याच बायका लावायच्या. एकीनं डबी काढली की पाच बोटं पुढं यायची. मग माझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. दवाखान्यातली तब्बसुम सिस्टर म्हणाली, "आजी, आता मशेरी की तोंड, एकच काय ते ठेवा." मी म्हटलं, "तोंड ठेवते, अजून पुष्कळांना बोलायचंय." तेव्हा तिनं मला एक यंत्र दिलं, आणि मागोमाग शेडवरच्या बाकीच्या बायकांनाही. पूर्वी पोरं विजेवरची सिगारेट चोरून ओढायची, तिच्यावर बंदी होती, तसलंच. आता डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून मिळतं. नाव त्याचं इंग्रजी आणि हातभर लांब. आम्ही बायका त्याला फुंकणी म्हणतो. चुलीच्या फुंकणीतनं वारा बाहेर घालायचा, हिच्यातनं आत ओढायचा, एवढाच फरक.

तब्बसुमनं मला नीट समजावलं होतं. फुंकणीच्या टोकाला एक कॉइल बसवायची. कॉइल म्हणजे तारेचं इवलंसं वेटोळं आणि त्यात कापसाची वात. वात औषध पिते, तार तापते, औषधाची वाफ होते. प्रत्येक बाईची कॉइल वेगळी, जिला जेवढी तलफ तेवढी. माझी तार जाड, तिला तापायला जास्त जोर लागतो. इंदूची बारीक, तिला तेवढाच जोर दिला तर वात करपते. हा जोर वॅटमध्ये मोजतात आणि त्याचा आकडा फुंकणीच्या पोटावर दिसतो. कॉइल बसवली की फुंकणी तार ओळखते आणि तब्बसुमनं तिला नेमून दिलेला जोर आपला आपण लावून घेते.

"आणि औषध एकच दिसलं तरी आत दोन आहेत," तब्बसुम म्हणाली होती. "फोडणी कशी करता आजी? तेल जरा तापलं की जिरं फुलतं, मोहरी तडतडायला अजून आच लागते ना? तसंच हे. तुमच्या कॉइलला बारा वॅट दिले की पहिलं औषध उडतं, त्यानं तलफ मरते. एकोणीस दिले की दुसरंही उडतं. त्यानं डोकं शांत होतं. तंबाखू सोडताना माणूस चावायला उठतं, म्हणून सुरुवातीला एकोणीस. मग मी बारावर आणणार. दुसरं जास्त दिवस घ्यायचं नाही."

सुरुवातीचे ते दिवस मी शांत होते म्हणे. मला आठवतं ते मऊ मऊ. मग तिनं बारावर आणलं आणि मी परत माझी मी झाले. घरातल्या कुणाला त्याचा आनंद झाला नाही, ते मला दिसलं होतं.

आणखी एक. तब्बसुमनं बजावलं होतं, फुंकणी एकमेकींची वापरायची नाही. पण मशेरीची डबी जन्मभर वाटून खाल्लेल्या बायका आम्ही. एकीचं चार्जिंग संपलं की दुसरीची घ्यायची. कॉइल मात्र प्रत्येकीची आपली, पदराच्या गाठीला बांधलेली. ती काढायची, समोरचीच्या फुंकणीला लावायची, चार झुरके मारायचे आणि परत गाठीला. फुंकणी आपली आपण जोर बदलायची, त्यामुळं कधी काही बिघडलं नाही. आणि घरच्या पुरुषांना यातलं काही ठाऊकही नव्हतं.

या वर्षी दिवाळीआधी दुबईच्या एका व्यापाऱ्याला माल घाईनं हवा होता. धैर्यशील म्हणाला, धुरी झाली की दुपारीच खोली उघडू, रात्रभर थांबायला नको. त्या व्यापाऱ्याचा माणूस अंगणात खुर्चीवर बसला होता. मी त्याच्यासमोरच धैर्यशीलची पूजा बांधली. "तुझ्या बायकोला घाल आत दुपारी," म्हटलं, "मग बघू रंग कसा येतो तिला!" तो माणूस चहा अर्धा टाकून गेला. धैर्यशील मला म्हणाला, "हो आई." आणि मान खाली.

त्यानंतर घर सुधारलं.

आता रागानं सांगतेय, पण तेव्हा मला बरं वाटत होतं, हे खोटं नाही. झोप लागायची. स्नेहल, माझी सून, चहा आणून शेजारी बसायची, हसायची. भाजीत मीठ कमी पडलं तर मी वरून घेऊन खायची. इंदू म्हेत्रे, माझी जुनी मैत्रीण आणि शेडवरची मुकादम, एकदा म्हणाली, "आक्का, तुमाला कुणी दीक्षा दिली का काय?" मी हसले. फुंकणीच्या पोटावर एकोणीस आकडा होता. चौथी शिकलेय मी, आकडे मला वाचता येतात. मी तो रोज बघत होते. पण विचारायला राग लागतो, आणि तो तर वाफेत गेला होता.

मग धुरीचा दिवस आला. दुपारीच दार उघडलं. रीतीप्रमाणं मी आत गेले. डोळ्यांत पाणी आलं. नाकात सुया टोचल्या. मला कळलं, हा गंधक आहे. कळलं आणि तेवढंच. पदरानं डोळे पुसले, बाहेर आले आणि ओट्यावर बसले.

बायका माझ्याकडं बघत होत्या. कान देऊन बसल्या होत्या. आवाज आला नाही. मग एकेक उठली, पदर खोचला आणि आत गेली.

शोभा चव्हाण सगळ्यात पुढं होती. तिला आधीच धाप लागायची. ती आतल्या कोपऱ्यातल्या क्रेटपर्यंत गेली आणि तिथंच बसली. बाकीच्या खोकत बाहेर आल्या, तिला ओढत घेऊन. ओठ निळे. इंदूनं बोंब ठोकली, गाडी आली, शोभाला मिरजेला नेलं. आणि मी, मालन जमदाडे, ओट्यावर बसून म्हणत होते, "पाणी पाजा गं तिला, होतं असं."

हे मला इंदूनं नंतर सांगितलं. मला ते शब्द आठवतात, पण दुसऱ्याच्या तोंडातले असल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदू मिरजेहून थेट माझ्या अंगणात आली. अंगावर कालचंच लुगडं. शोभाला श्वासाच्या यंत्रावर ठेवलंय, म्हणाली. इंदूची स्वतःची फुंकणी घरी राहिली होती आणि डोकं फिरलेलं होतं. तिनं माझ्या हातातली ओढून घेतली, पदराच्या गाठीतली आपली कॉइल बसवली आणि दम भरून झुरका मारला.

आणि किंचाळली. घसा धरून अंगणभर खोकली. करपलेल्या कापसाचा वास माझ्यापर्यंत आला.

"आक्का! फुंकणी हाय का भट्टी? जीव गेला असता की माझा!"

तिनं पोटावरचा आकडा बघितला. एकोणीस. तिची बारीक कॉइल बसवलेली असतानाही एकोणीस. फुंकणीनं तार ओळखून जोर उतरवायचा, तो उतरवलाच नव्हता. कुणीतरी आकड्याला कुलूप घातलं होतं.

"बिघडली असंल," मी म्हटलं. "असू दे."

"असू दे?" इंदू माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "आक्का, काल तुमी खोलीतनं बाहेर आला. वास हुता का न्हवता?"

"होता की."

इंदू तडक घरी गेली, आपली फुंकणी घेऊन आली, माझी कॉइल तिच्यात बसवली. आकडा आला बारा. तिनं माझी फुंकणी आपल्या पिशवीत घातली आणि आपली माझ्या हातात कोंबली. "ही वढायची. दुसरी न्हाई. धैर्यशीलदादाला सांगायचं न्हाई. आन बाई, तुमी जाग्या झाला की मला हाक मारा. मी हितंच बसते."

राग परत कसा येतो ते सांगते. पायाला मुंग्या आल्यावर तो जमिनीला टेकवून बघा, तसा येतो. दुपारपर्यंत काही नाही. मग स्नेहलनं चहा दिला, तो गार होता. आधी नुसतं वाटलं, गार आहे. मग वाटलं, गार का आहे? आणि कुठूनतरी आतून कळ यायला लागली. संध्याकाळी कुत्रं ओट्यावर चढलं त्याला हाड म्हटलं, तर माझा आवाज ऐकून मीच दचकले. सकाळी डोळे उघडले तेव्हा छातीवर शोभाच बसली होती. निळ्या ओठांची. मी उठून बसले आणि एक शिवी घातली. नुसती, हवेत.

अंगणातनं इंदूचा आवाज आला, "आल्या गं बाई!"

तब्बसुमला फोन केला. ती म्हणाली, "आजी, मी नाही वाढवले. कागदावर बाराच आहेत. पण म्हाताऱ्या पेशंटच्या फुंकणीला घरच्या एका माणसाचा फोन जोडलेला असतो. कमी-जास्त करता येतं त्याला, कुलूपही लावता येतं. तुमच्याकडं कुणाचा जोडलाय?"

"माझ्या पोटच्या पोराचा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी दुसरी धुरी होती. शोभा दवाखान्यात, आणि दुसरी धुरी! मी शेडवर पोचले तेव्हा दार नुकतंच उघडलं होतं. बायका अंगणात बसल्या होत्या, भेदरलेल्या, पण बसलेल्या. घरी चूल पेटायची असते. सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. धैर्यशील दारापाशी उभा होता. मला बघून गोड हसला, लहान मुलाकडं बघून हसतात तसा.

"ये आई. जरा बघून घे, मग सुरू करू."

मी आत गेले. दोन पावलं. तेवढी पुरली.

मग काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. गवंड्याच्या सात पिढ्या झाल्या, गंधकाच्या झाल्या, दुबईच्या झाल्या. बाहेर अंगणात एक बाई आधी रडली, मग हसली आणि मग सगळ्याच पाय पसरून बसल्या.

धैर्यशीलचं तोंड पांढरं पडलं. हात खिशाकडं गेला, फोनकडं.

"काढ," मी म्हटलं. "काढ तो फोन. किती करतोस? एकोणिसावरून पंचवीस?"

"आई, सगळ्यांसमोर नको. घरी चल, बोलू."

"घरी तू बोलतोस कुठं? घरी तू वाफ सोडतोस. बोल, इथंच बोल."

"तुझं बीपी वाढतं..."

"माझं बीपी माझ्या अंगात आहे. शोभाचा दम कुणाच्या अंगात गेला?"

तेवढ्यात स्नेहल मागून आली. डबा घेऊन आली होती, डबा हातातच. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ही आता नवऱ्याची बाजू घेणार, आणि तिनं घेतलीच.

"आत्या, त्यांचं चुकलं. पण एक बोलू? या दिवसांत आपल्या घरात कुणी ताट आपटलं नाही. मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले. तुम्ही माझ्याशी बोलत होता. मला ठाऊक नव्हतं हो ते काय होतं. मला वाटलं, तुम्हाला मी आवडायला लागले."

हे मला लागलं. लागलं तर लागलं. खोटं कशाला सांगू, तिथं उभं राहून मला एकदा वाटलं, की परत ते मऊ मऊ घ्यावं आणि या पोरीच्या हातचा चहा प्यावा. मग मी बायकांकडं बघितलं. त्या सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, माझ्या कपाळाकडं, माझ्या ओठांकडं.

"स्नेहल," मी म्हटलं, "तुझ्याशी बोलायचं ते मी शुद्धीत बोलेन. आज नाही जमणार. पण बोलेन. तुझं जेवण मी नासवलं असेल, तर ते माझ्या तोंडावर सांगायचं. ताट आपटायचं असेल तर तूही आपट. पण वाफेतली सासू तुला नको, पोरी. ती तुझी नव्हती, कुणाचीच नव्हती. तिनं शोभाला आत जाऊ दिलं."

स्नेहलनं डबा खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावला.

धैर्यशीलनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "मला काय कळणार होतं गं?" तो ओरडला. खरंच ओरडला. "तू गप्प बसलीस म्हणून त्या आत जातील, हे मला काय ठाऊक? मला वाटलं, वास असेल तर त्यांनाच कळेल! मला फक्त तू गप्प हवी होतीस. त्या माणसासमोर तू माझी लाज काढलीस! मी चाळीस वर्षांचा झालो आई, आणि अजून अंगणात उभं राहून शिव्या खातो!"

इंदू तोंडातल्या तोंडात म्हणाली, "बोलला एकदाचा."

मलाही तेच वाटलं. एवढंच तो महिन्याभरापूर्वी बोलला असता, तर मी त्याच्या एक मुस्काटात दिली असती, त्यानंही मला चार सुनावलं असतं, आणि शोभा आज आपल्या जागेवर बसलेली असती. पण हे मी त्याला सांगितलं नाही. ते त्याला दिसत होतं.

"फोन," मी हात पुढं केला.

त्यानं दिला. मी इंदूकडं दिला, इंदूनं आपल्या नातीला बोलावलं, तिनं दोन-चार ठिकाणी बोट दाबून माझी फुंकणी त्याच्या फोनातनं सोडवली. इंदूनं पिशवीतनं ती काढली, माझी कॉइल बसवली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. बारा.

दोन्ही दारं उघडी होती. आत क्रेटांवर क्रेट, पिवळाधमक माल. दुबईचा माणूस सकाळपासून फोन करत होता, आताही तो फोन इंदूच्या हातात थरथरत होता.

"आता ऐक," मी धैर्यशीलला म्हटलं. "कान उघडे ठेवून ऐक, कारण हे मी परत सांगणार नाही. हा माल रात्रभर मोकळा राहील. दुबईला जायचा तर जाईल, नाही तर इथं सडेल. तू आता मिरजेला जायचं. शोभाच्या नवऱ्यासमोर उभं राहायचं आणि तुझ्या तोंडानं सांगायचं, काय केलंस ते. 'आईचं औषध चुकलं' असलं काही म्हणालास, तर मी मागून येऊन खरं सांगेन. उद्यापासून शोभाच्या जागेवर तू बसायचं. ताडपत्रीवर, बायकांच्या रांगेत, मांडी घालून. देठ काढायचे. ती स्वतःच्या पायानं चालत येऊन 'उठा दादा' म्हणेपर्यंत उठायचं नाही. शेडचा मालक हवा असेल कुणाला, तर तो तिथं बसलेला सापडेल. आणि खोलीत आधी तू जायचं, दर खेपेला, माझ्या पुढं. तुझी लाज निघते म्हणालास ना? निघू दे. मी ओरडणार आहे. माझा चट्टा बरा होवो न होवो, श्वास आहे तोवर ओरडणार आहे, आणि तुला पटलं नाही तर तूही माझ्यावर ओरड, या सगळ्यांसमोर ओरड. पण ज्या दिवशी या अंगणात माझा आवाज येणार नाही, त्या दिवशी दाराला हात लावू नको. आधी मला हलवून बघ, जिती आहे का."